दुचाकीचे जुने शॉकअ‍ॅब्झॉर्बर घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारला : चार महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

गेल्या ऑक्टोबरात फोंड्याजवळच्या एका जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून मी दुचाकीचे पाच शॉकअ‍ॅब्झॉर्बर घेतले. चार गाडीला लावण्यासाठी आणि एक उघडून आत काय आहे ते पाहण्यासाठी. चौघांचे २,८०० रुपये झाले. पाचवा गळका होता, तो दुकानदाराने तसाच दिला. पुढे त्या गळक्या नगानेच मला सर्वांत जास्त शिकवले, म्हणून असा खटाटोप करणाऱ्या प्रत्येकाने एक नग फोडण्यासाठी वेगळा घ्यावा असे मी आधीच सांगून ठेवतो.

दुकानाविषयी आधी लिहितो, कारण जुना शॉकअप घेताना माल जितका महत्त्वाचा तितकाच तो निवडून देणारा माणूस. गोव्यात भाड्याने फिरणाऱ्या काळ्या पाटीच्या दुचाकी हजारोंनी आहेत, त्या थकल्या की त्यांचे भाग अशा दुकानांत येतात. त्यामुळे एकाच मॉडेलचे आठ-दहा शॉकअप एका वेळी चाळायला मिळतात, ही सोय फार थोड्या ठिकाणी असेल. अडचण अशी की यातल्या बऱ्याच गाड्या समुद्रकाठच्या असतात आणि खाऱ्या वाऱ्याने त्यांच्या रॉडवरचा क्रोम बारीक बारीक टोचल्यासारखा होतो. दुकानदार एकेक रॉड बाहेर ओढून, पुसून, त्यावरून अंगठ्याचे नख फिरवत दोन ढीग करत होते. "हो दर्यादेगेचो, हो न्हय" (हा समुद्रकाठचा, हा नव्हे), एवढेच ते प्रत्येक वेळी म्हणत. नख जिथे अडकते तिथे सील फाटते, हे त्यांनी मला न विचारता दाखवले आणि माझ्या हातात असलेला, दिसायला सर्वांत चकचकीत नग बाजूला ठेवायला लावला. घरी नेल्यावर एका नगाचा वरचा बुश, म्हणजे टोकाच्या कडीतले रबरी अस्तर, सैल निघाला. तो त्यांनी काहीही न बोलता बदलून दिला. ते स्वतः नाव छापू नका म्हणाले म्हणून लिहीत नाही.

दुचाकीचे मॉडेलही मी देत नाही, आणि त्याला कारण आहे. कंपन्या एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक स्प्रिंग आणि झडपा बदलतात, शिवाय जुन्या बाजारातल्या नगावर मूळ स्प्रिंग असेलच याची खात्री नसते. नावावरून घेतलेला शॉकअप फसवतो. हाताशी असलेला नग मोजून घेतला तर तो फसवत नाही. माझ्या नगांची मापे अशी होती : डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (दोन टोकांच्या बोल्टच्या कड्यांमधले अंतर) ३३० मि.मी., एकूण चाल ७५ मि.मी., रॉड १० मि.मी., आत गॅस नाही, साधा दुहेरी नळीचा तेलाचा डॅम्पर, म्हणजे उसळी शमवणारा भाग.

गाडी १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हन या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची आहे. काटेकोर मापाने बसवलेल्या चौकोनी पोलादी नळ्यांचा सांगाडा, पुढे दुहेरी विशबोन (चाकाला सांगाड्याशी जोडणारे, वर-खाली हलणारे त्रिकोणी दांडे), मागे सलग अ‍ॅक्सल आणि त्याला चार दांडे व एक आडवा पॅनहार्ड रॉड, जो मागची चाके बाजूला सरकू देत नाही. इंजिन मारुती जिप्सीचे, मागचा अ‍ॅक्सल ओम्नीचा. चालकासह वजन ६४० किलो भरले. हे वजन मी एका नातेवाइकांच्या सुपारीच्या गोदामातील प्लॅटफॉर्म काट्यावर एकेक चाक ठेवून आणि उरलेल्या तीन चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या देऊन घेतले. पुढे दर चाकावर १५० किलो, मागे १७०. त्यातून चाक, ब्रेक, हब आणि अ‍ॅक्सलचा वाटा असे स्प्रिंगच्या खालचे वजन वजा केले की पुढच्या स्प्रिंगवर १२३ किलो आणि मागच्या स्प्रिंगवर १३२ किलो राहतात. पुढचे सगळे हिशोब या दोन आकड्यांवर उभे आहेत, त्यामुळे या कामात एक दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

स्प्रिंगचा कडकपणा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ड्रिल मशीनच्या टेबलावर वजनकाटा ठेवला, त्यावर स्प्रिंग उभी केली, चकमध्ये एक जाड सळई धरून ती वरून दाबली आणि बरोबर २५ मि.मी. खाली गेल्यावर काटा वाचला. काटा ४८ ते ४९ किलोंच्या मध्ये थांबला, म्हणजे कडकपणा दर मिलिमीटरला साधारण १९ न्यूटन. चारही स्प्रिंगा एकमेकींपासून अर्ध्या किलोच्या आत होत्या. वापरलेल्या मालात इतका सारखेपणा मला अपेक्षित नव्हता, आणि याचे श्रेय नग निवडणाऱ्या दुकानदारांनाच जाते.

आता मुख्य गोष्ट. हेच चार शॉकअप, काहीही न बदलता, मागे जवळजवळ नेमके बसले आणि पुढे साफ निरुपयोगी ठरले. गाडीचा पुढचा भाग जॅकवरून उतरवला आणि तो खाली बसला तो बसूनच राहिला. दोन्ही शॉकअप रबरी ठोकळ्यापर्यंत पूर्ण दाबले गेले होते. पहिल्या क्षणी मला वाटले की नग खराब आहेत. नग खराब नव्हते. फरक तरफेचा होता.

माझ्या गाडीत खालच्या विशबोनची लांबी आतल्या खिळीपासून चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंत ३३० मि.मी. आहे, आणि शॉकअप त्यावर २४० मि.मी. अंतरावर टेकतो, शिवाय बॉनेटखाली जागा नसल्यामुळे तो उभ्या रेषेपासून ३० अंश आत कललेला आहे. या दोन्ही गोष्टींचा गुणाकार केला की चाक १० मि.मी. वर गेल्यावर शॉकअप केवळ ६.३ मि.मी. दाबला जातो. तरफ जे चालीतून काढून घेते ते भारात भरते, म्हणून चाकावरचे १२३ किलो शॉकअपवर १९५ किलो होऊन येतात. दर मिलिमीटरला १९ न्यूटनच्या स्प्रिंगला एवढा भार पेलण्यासाठी १०० मि.मी. दबावे लागते, त्यातले १५ मि.मी. ती बसवतानाच दाबलेली होती असे धरले तरी ८५ उरतात, आणि शॉकअपची एकूण चाल तर ७५. हा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो. तो मी खरेदीच्या आधी केला नाही, याचा मला आजही खेद आहे, कारण पुढचे टेकू मी त्या वेळी वेल्डिंग करून पक्के केले होते.

आणखी एक बाब अनेक जण विसरतात, आणि मीही सुरुवातीला विसरलो होतो. चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा तरफेच्या आकड्याने एकदा नव्हे, दोनदा गुणावा लागतो. एकदा भारासाठी आणि एकदा चालीसाठी. ०.६३ गुणिले ०.६३ म्हणजे जेमतेम ०.४०. स्प्रिंग १९ न्यूटनची असली तरी चाकाला ती साडेसातचीच वाटते. म्हणून "अमक्याने अमक्या गाडीला हीच स्प्रिंग लावली आणि छान चालते" या सल्ल्याला, त्याच्या गाडीतला कोन आणि टेकूची जागा कळल्याशिवाय, काहीच अर्थ राहत नाही.

मागे शॉकअप थेट अ‍ॅक्सलवर उभे आहेत, फक्त १० अंश कललेले. तिथे तरफ नसल्यातच जमा. १३२ किलोंसाठी तीच स्प्रिंग ६९ मि.मी. दबते. मूळच्या १५ मि.मी. दाबासह बसवली तर वर जायला केवळ २१ मि.मी. चाल उरते, ती अपुरी. म्हणून लेथवर १५ मि.मी. जाडीची अ‍ॅल्युमिनियमची कडी कातून घेतली आणि ती स्प्रिंगच्या वरच्या बैठकीखाली घातली. आता गाडी स्थिर उभी असताना ३९ मि.मी. चाल वापरलेली असते आणि ३६ शिल्लक असते. इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते : अशी कडी घातल्याने स्प्रिंग कडक होत नाही, केवळ गाडी उचलली जाते. कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो आणि कडीमुळे यांपैकी काहीच बदलत नाही. गॅरेजमध्ये "दोन आटे घट्ट केले, आता कडक झाली" असे सर्रास म्हटले जाते, ते चुकीचे आहे.

पुढच्या स्प्रिंगा नव्या करून घ्याव्या लागल्या. त्या मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यातून बनवून घेतल्या. चोर्ला घाटातून जाऊन सकाळी माप दिले आणि चार दिवसांनी माल आणला. मला दर मिलिमीटरला ३६ न्यूटन हवे होते. ९ मि.मी. तार, ५८ मि.मी. सरासरी व्यास, काम करणारे सव्वानऊ वेढे, दोन्ही टोके घासून सपाट आणि मोकळी लांबी २१० मि.मी. असे ठरले. तारेच्या जाडीचा चौथा घात या हिशोबात येतो. ९ ऐवजी १० मि.मी. तार घेतली असती तर तीच स्प्रिंग दीडपट कडक झाली असती. मालकांनी हे मला स्वतः समजावून सांगितले आणि त्यांच्याकडची तार मायक्रोमीटरने माझ्यासमोर मोजली. वळून झाल्यावर त्यांनी प्रत्येक स्प्रिंग तीन वेळा पूर्ण वेढ्याला वेढा लागेपर्यंत दाबली, म्हणजे पुढे वापरात तिची लांबी घटू नये. घरी त्याच ड्रिल मशीनवर मोजल्यावर एक ९२ आणि दुसरी ९० किलोंवर थांबली. हाताने वळलेल्या मालाला यापेक्षा जास्त काय हवे! जोडीचे २,४०० रुपये लागले आणि या सगळ्या प्रकरणात मी सर्वांत आनंदाने दिलेले पैसे तेच. नवी स्प्रिंग आखूड असल्यामुळे खालची बैठक ४३ मि.मी. वर घ्यावी लागली; फोंड्याच्या लेथवाल्या काकांनी त्यासाठी नळीवर बसणारी पायरीची बाही कातून दिली.

स्प्रिंगचा प्रश्न सुटला तेव्हा मला काम संपले असे वाटले. प्रत्यक्षात अवघड भाग तिथून सुरू झाला. स्प्रिंग गाडीचा भार धरते आणि तिची उसळी डॅम्पर शमवतो. भार आणि कडकपणा दोन्ही वाढल्यावर जुन्या डॅम्परची ताकद तोकडी पडते. दुचाकीचा डॅम्पर आपल्या वाट्याच्या शंभरेक किलोंसाठी बनवलेला असतो. माझ्या गाडीत पुढे तरफेमुळे तोच डॅम्पर जणू तीनशे किलोंना आवरायला उभा होता. अंगणात बॉनेटवर भार देऊन सोडले की पुढचा भाग तीनदा वर-खाली व्हायचा. मागे मात्र तोच डॅम्पर पुरेसा होता, एका उसळीत अ‍ॅक्सल शांत होत असे.

पहिल्यांदा मी पुढचे दोन डॅम्पर ज्या ठिकाणी दुरुस्तीला दिले तिथे त्यांत घट्ट इंजिन ऑइल भरून मला परत देण्यात आले. हातात धरून दाबले तर ते झकास कडक लागत होते. पण घट्ट तेलाने परतीचा, म्हणजे दबलेला शॉकअप पुन्हा लांब होतानाचा, रोध वाढतो तसा दाबतानाचाही वाढतो, म्हणून प्रत्येक खड्डा थेट सांगाड्यात पोचू लागला. आणि तेल तापले की पातळ होऊन जुनी उसळी परत येई. तीन आठवड्यांत एका नगाचे सील ओले झाले. पैसे परत मिळाले नाहीत. या ठिकाणाचे नाव लिहिण्यात मला स्वारस्य नाही, परंतु "जाड तेल भरा" हा उपाय कुणी सुचवला तर तो स्वीकारू नये, एवढे ठामपणे सांगतो.

दुसरा कारागीर म्हापशाचा. त्यांनी आधी माझा गळका पाचवा नग फोडला. तोंडाशी वळवलेला पत्रा लेथवर कापून, पिस्टन बाहेर काढून, त्यावरच्या पातळ पोलादी चकत्या त्यांनी वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या आणि मला दाखवले की परतीच्या वेळी तेल या चकत्यांना वाकवून वाट काढते, आणि हळू हालचालीत ते पिस्टनमधल्या एका बारीक कायम उघड्या भोकातून जाते. ते भोक लहान केले आणि परतीच्या बाजूच्या चकत्या वाढवल्या की प्रामुख्याने परतीचा रोध वाढतो. मग त्यांनी माझ्या दोन नगांची तोंडे कापली, नळीला आटे पाडले, आट्यांचे टोपण केले, नवे सील घातले आणि दुचाकीच्या फोर्कचे साधे तेल भरले. आता हे नग केव्हाही उघडता येतात. नगामागे ९०० रुपये घेतले.

काम जमले की नाही हे हाताच्या अंदाजावर सोडू नये. स्प्रिंगविना डॅम्पर शिकंजात उलटा न करता उभा धरला, रॉड खाली येईल असे टांगणे शक्य नव्हते म्हणून कप्पीवरून दोर घेऊन रॉडला ३० किलोंचे वजन जोडले आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटींचे मंद चित्रीकरण केले. काम करण्यापूर्वी रॉड ६० मि.मी. बाहेर यायला ७२ चौकटी लागल्या होत्या, म्हणजे ०.३ सेकंद, नंतर १६८ लागल्या, म्हणजे ०.७ सेकंद. मला हवा होता तो आकडा जवळजवळ हाच. दुसऱ्या नगाच्या १६१ चौकटी आल्या, तेव्हा त्यांनी तो पुन्हा उघडून एक चकती बदलली आणि त्यासाठी वेगळे पैसे मागितले नाहीत.

बसवण्याविषयी दोन गोष्टी. दुहेरी नळीचा तेलाचा डॅम्पर नेहमी अंग खाली आणि रॉड वर असाच लावावा, आणि लावण्यापूर्वी उभा धरून सात-आठ वेळा पूर्ण चाल देऊन आतली हवा काढावी. उलटा किंवा फार आडवा लावला तर आतल्या नळीत हवा शिरते आणि तो मधेच पोकळ चालतो. दुसरे, दुचाकीवर शॉकअप एका बाजूने निघालेल्या खुंटीवर लटकतो, मोटारीत तसे करू नये. दोन्ही बाजूंनी पत्र्याचा कान हवा, मधून १२ मि.मी. उच्च ताणाचा बोल्ट हवा, आणि बुशच्या आत पोलादी नळी अशी कातलेली हवी की बोल्ट आवळल्यावर रबर नव्हे तर ती नळी दाबली जाईल.

माझ्या डाव्या पुढच्या टेकूत मात्र चूक राहिली होती. डोळ्याचा अक्ष विशबोनच्या खिळीच्या अक्षाला समांतर असावा लागतो, आणि माझा सहा अंशांनी फिरलेला होता. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. पण प्रत्येक चालीत रॉड किंचित वाकायला बघतो आणि सील एकाच बाजूने घासते. दीड महिन्यानंतर धूळझाकण वर केले तेव्हा रॉडच्या आतल्या बाजूला, बरोबर पेन्सिलच्या रेघेएवढी एक मंद, पांढुरकी पट्टी दिसली. दुसऱ्या बाजूला क्रोम आरशासारखा. नख फिरवून पाहिले, अजून अडकत नव्हते. त्याच संध्याकाळी टेकू कापला आणि सांगाड्याला लांब सळई आरपार घालून नव्याने जोडला.

ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या प्रकारच्या वाहनाला अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि घरी बांधलेल्या एकट्या गाडीला ती मिळवणे व्यवहारात अशक्यप्राय आहे. म्हणून माझ्या सगळ्या चाचण्या सावईवेऱ्याच्या बाजूला नातेवाइकांच्या कुळागरातील (सुपारीच्या बागेतील) सिमेंटच्या खाजगी वाटेवर आणि वरच्या सड्यावरच्या जांभ्या दगडाच्या मैदानात झाल्या. ४० मि.मी. जाडीची फणसाची फळी वाटेवर टाकून ताशी ३० किलोमीटरने तिच्यावरून गेलो. पूर्वी पुढचा भाग तीन हेलकावे घेत असे, आता एक पूर्ण आणि एक अर्धवट. मागचा अ‍ॅक्सल पुढच्यापेक्षा किंचित लवकर डोलतो, माझ्या हिशोबाने मागे सेकंदाला १.९ आणि पुढे १.७ हेलकावे, असेच हवे असते, कारण मागचे चाक त्याच फळीवर उशिरा चढते आणि त्याने पुढच्याला गाठले की गाडी डोके-शेपूट हलवत राहत नाही. १९३०च्या दशकात अभियंते मॉरिस ऑली यांनी जनरल मोटर्समध्ये हे मांडले, आणि माझ्या कुळागरातल्या वाटेवरही ते पाठीला स्वच्छ जाणवले.

उणिवा आहेत. सड्यावर सलग वीस मिनिटे चालवल्यावर पुढचे डॅम्पर हात ठेववणार नाही इतके तापतात आणि उसळी थोडी वाढते. आत तेलच कमी असते, त्याला इलाज नाही. मागे शिल्लक असलेली ३६ मि.मी. चाल एकट्या चालकासाठी ठीक आहे, शेजारी माणूस बसला की मोठ्या खळग्यात ठोकळा लागतो, म्हणून मूळ रबराऐवजी मोटारीचा फेसाळ पॉलियुरेथेनचा बंप स्टॉप कापून लावला आहे. अ‍ॅक्सल पूर्ण लटकताना त्याचा भार शॉकअपच्या आतल्या थांब्यावर येऊ नये म्हणून कॅनव्हासचा पट्टाही बांधला. जांभ्याची लाल धूळ सीलला फार वाईट. दुचाकीच्या ट्यूबचा तुकडा धूळझाकण म्हणून छान चालतो.

लेथचे १,६०० धरून सगळा खर्च, वाया गेलेली पहिली दुरुस्ती सोडता, ८,६०० रुपये झाला. मागच्या चाकांसाठी अशा हलक्या गाडीला हे शॉकअप मी निःशंकपणे सुचवेन. मोजून घ्या, कडी घाला, लावा. पुढच्यासाठी, शॉकअप तिरपा आणि विशबोनच्या मध्यात टेकत असेल तर, नव्या स्प्रिंगा आणि झडपांचे काम यांचा खर्च आधी मान्य असेल तरच घ्या, अन्यथा २,८०० रुपयांचा मोह टाळा. सांगाडा अजून वेल्ड झालेला नसेल तर टेकू बॉल जॉइंटच्या जितका जवळ आणि शॉकअप जितका उभा नेता येईल तितका न्या. माझा आज २४० ऐवजी २९० मि.मी.वर असता तर निम्मे काम वाचले असते.

परवा धुताना डाव्या पुढच्या रॉडवर, त्या जुन्या पांढुरक्या पट्टीच्या रेषेत, तेलाची अगदी पातळ ओल दिसली. टोपण आट्यांचे असल्याने सील बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे. शुक्रवारी म्हापशाला बाजार असतो, त्या दिवशी तो नग घेऊन जाणार आहे.